मागच्या सीटवरचा ब्रेक

"बल आणि गती? अगं, बावीस वर्षं बल माझ्या पायाखाली आहे आणि गती माझ्या मुठीत. त्यासाठी शिकवणी कसली लावतेस?"

हे वाक्य मास्तर गुरुवारी सकाळी चहाचा कप हातात धरून बोलले आणि वर मान उडवून हसलेही. माणूस असा हसला की समजावं, आता काहीतरी होणार.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. गाडी चालवायला शिकवणारे. छपरावर पाटी लावलेली एक पांढरी गाडी, चालवणाऱ्याच्या शेजारची सीट आणि त्या सीटच्या पायाशी बसवलेला एक जादा ब्रेक, एवढा त्यांचा संसार. शिकणारा चुकला की मास्तरांचा उजवा पाय खाली जायचा आणि गाडी थांबायची. बावीस वर्षं हेच केल्यावर तो पाय मास्तरांचा राहिलाच नव्हता. जेवताना कुणी भरभर वाढायला लागलं की तो खाली दाबला जायचा. नाटकाला बसले आणि नायक रागारागाने बाहेर निघाला की खाली दाबला जायचा. झोपेतही दाबला जायचा, आणि त्याच्या खुणा मास्तरांच्या बायकोच्या पोटरीवर असायच्या. बायको दवाखान्यात परिचारिका होती, म्हणून औषध घरच्या घरी व्हायचं.

तर भानगड अशी होती की मास्तरांची मुलगी नववीत विज्ञानात आपटली होती. बाकी सगळ्या विषयांत ठीक, पण 'बल आणि गती' या धड्याने तिचा घात केला. शाळेने कृपा करून फेरपरीक्षा ठेवली. शनिवारी सकाळी, वीस मार्कांची, तेवढ्याच धड्यावर. सात मिळाले तर दहावी, नाही मिळाले तर पुन्हा नववी. मैत्रिणी सगळ्या पुढच्या वर्गात जाणार आणि ही त्याच बाकावर, एक वर्षाने लहान मुलींच्या शेजारी. पोरीने आठवडाभर नखं कुरतडून संपवली होती आणि आता बोटांकडे वळली होती.

बायकोने शेजारच्या इमारतीतल्या एका प्राध्यापक बाईंना शिकवणीसाठी तयार केलं होतं. मास्तरांनी परस्पर जाऊन त्यांना नको म्हणून सांगितलं.

"तुम्ही नको म्हणून सांगितलंत?" बायकोने इतक्या शांतपणे विचारलं की मास्तरांचा पाय खाली गेला.

"घरात विहीर असताना शेजारी कशाला पाणी मागायचं? मी शिकवतो की."

"अहो, तुम्ही स्वतः नववीत..."

"ते जुनं झालं," मास्तर घाईघाईने म्हणाले.

बायको पर्स उचलून ड्युटीवर निघाली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "ती नापास झाली तर मी तिला काही बोलणार नाही. तुम्हाला बोलेन."

मास्तरांनी त्या दिवशी आणि शुक्रवारी सकाळी शिकवायचा सपाटा लावला. पुस्तक उघडायला ते तयार नव्हते. पुस्तक लिहिणाऱ्यांनी कधी गिअर टाकलाय का, असं त्यांचं म्हणणं.

"लिही. गाडी चालत राहायला काय लागतं? जोर. जोर संपला की गाडी थांबली. झाला पहिला नियम."

"बाबा, पुस्तकात वेगळं दिलंय."

"पुस्तकाला पेट्रोल लागत नाही, म्हणून त्याला काय कळणार? पुढे लिही. ट्रक आणि स्कूटर आपटले, तर कुणी कुणाला जास्त जोराने मारलं? ट्रकने स्कूटरला. डोळ्यांनी बघितलंय मी."

पोरगी लिहीत होती. बापावर विश्वास ठेवायचं तिचं वय अजून संपलं नव्हतं, हीच खरी अडचण.

शुक्रवारी दुपारी मात्र गाडी अडली, ती जडत्वावर. पोरीच्या काही केल्या डोक्यात शिरेना, आणि खरं सांगायचं तर मास्तरांनाही तोंडी सांगता येईना. तेव्हा त्यांच्या डोक्यात कल्पना आली. चार वाजता त्यांची एक शिकाऊ बाई येणार होती. गाडी चालू, त्यात पाण्याची बादली, ब्रेक मारायचा, पाणी कुठे जातं ते पोरीने डोळ्यांनी बघायचं. याहून सोपं ते काय?

शिकाऊ बाई म्हणजे गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई. वय छप्पन्न. सुरुवातीला या बाई सावली दिसली तरी ब्रेक मारायच्या. मास्तरांच्या मानेचे मणके मोकळे झाले तेव्हा त्यांनी बाईंना नियम घालून दिला: "ब्रेक माझं खातं. तुम्ही फक्त समोर बघायचं, आणि मी ओरडलो तरी ब्रेकला पाय लावायचा नाही." बाईंनी तो नियम वहीत लिहून घेतला. मग मास्तरांनी दोनदा मुद्दाम "ब्रेक, ब्रेक" असं ओरडून त्यांची परीक्षाही घेतली. पहिल्या वेळी बाई फसल्या, त्याबद्दल पंधरा मिनिटं बोलणी खाल्ली. दुसऱ्या वेळी पास झाल्या. ज्या बाई पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडला म्हणून नगराध्यक्षांनाही सोडत नाहीत, त्या नियम म्हणजे काय ते जाणतात.

चार वाजता बाई चालकाच्या जागी बसल्या. पोरगी वही घेऊन मागे. शेजारच्या सीटवर मास्तरांनी पाऊण बादली पाणी ठेवलं, तिला सीटबेल्ट लावला, तरी भरवसा वाटेना म्हणून सुतळीने बादलीची कडी हँडब्रेकला पाच वेढे देऊन बांधली. काम नेटकं झालं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला बसायला जागा नाही.

"मी मागे बसतो दोन मिनिटं," ते म्हणाले, आणि पोरीच्या शेजारी जाऊन बसले.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या अनुभवी माणसाला कळू नये? कळलं नाही. पाय आपल्याबरोबर आलाय ना, मग ब्रेक कुठे जातोय, असा काहीसा त्यांच्या मनाचा हिशेब असावा.

गाडी निघाली. दुसरा गिअर, ताशी वीस. बाई नाकासमोर बघत होत्या. रस्ता मोकळा होता.

"आता नीट लक्ष दे," मास्तर पोरीला म्हणाले. "मी ब्रेक मारतो. पाणी पुढे जाईल. का गेलं, ते विचार करून सांगायचं."

पोरीने पेन्सिल सरसावली. मास्तरांनी पाय दाबला.

काही झालं नाही. पाणी जिथे होतं तिथेच डुलत राहिलं.

मास्तरांनी आणखी जोराने दाबला. पायाखाली रबराची चटई होती, ती थोडी सरकली. मग त्यांनी खाली वाकून बघितलं. ब्रेक पुढे, बादलीच्या पायाशी राहिला होता.

"बाई," ते शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाले, "जरा ब्रेक मारा."

ग्रंथपालबाई आरशातून त्यांच्याकडे बघून मंद हसल्या. "नाही मारणार."

"अहो, मारा ब्रेक."

"या वेळी नाही फसायची मी, मास्तर."

"परीक्षा नाही ही. खरंच सांगतोय."

"पहिल्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात. 'खरंच सांगतोय' असं. आणि मग पंधरा मिनिटं बोललात."

म्हणालेच होते ते. मास्तरांनी दोन सीटच्या मधून हात घालून हँडब्रेक ओढला. तो पाच वेढ्यांत होता. तो तसूभरही हलला नाही, उलट बादलीच कलली आणि गार पाणी त्यांच्या बाहीत शिरलं. किल्ली स्टिअरिंगच्या पलीकडे, तिथवर हात पोचेना. सुतळी भिजली आणि गाठ लोखंडासारखी बसली. मास्तरांना लहानपणी गाठी मारायला त्यांच्या मामांनी शिकवलं होतं. त्या मामांचा त्यांनी त्या वेळी मनापासून उद्धार केला.

"बाबा," पोरगी म्हणाली, "तुम्ही पाय का दाबताय?"

"गप्प बस. मी विचार करतोय."

"पण तुम्ही गाडीचीच जमीन दाबताय. ब्रेक दाबला की चाकं रस्त्याला अडतात आणि रस्ता गाडीला मागे ओढतो. नुसती जमीन दाबून काय होणार? तुम्हीपण गाडीतच, जमीनपण गाडीचीच."

"तुला गप्प बस म्हटलं ना."

पोरगी गप्प बसली, पण तिने ते वहीत लिहून ठेवलं. दोन दिवसांत तिने स्वतःच्या मनाने लिहिलेलं हे पहिलं वाक्य.

समोर चौक आला. चौकाच्या मधोमध गोल बाग. बाईंनी हात दाखवला, दिवा लावला, वळणाला शोभेल तसं स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी बागेभोवती निघाली. मास्तरांना तेवढ्यातही बरं वाटलं, शिकवलेलं फुकट गेलं नव्हतं. पण कुठल्या रस्त्याने बाहेर पडायचं हे सांगणं त्यांचं काम होतं, आणि ते गाठ सोडवत होते. सांगेपर्यंत बाई बाहेर पडणार नव्हत्या. एक फेरी झाली. दुसरी झाली.

तिसऱ्या फेरीला मास्तरांच्या मनात आलं, हेच बरं आहे. इथेच फिरत राहू. पेट्रोल कधीतरी संपेल. संध्याकाळ होईल, रात्र होईल, पण कुणाला लागणार नाही.

"बाई, असंच फिरत राहा," ते म्हणाले.

"बाबा, पाणी एका बाजूला चढलंय. बागेच्या उलट्या बाजूला. असं का?"

"पाण्याला फिरायची सवय नसते."

पोरीने लिहायला पेन्सिल टेकवली, बापाकडे बघितलं आणि पेन्सिल उचलली.

पाचव्या फेरीला चौकातला वाहतूक पोलीस पुढे आला. पाच वेळा सलग दिवा दाखवून वळणारी गाडी त्याने उभ्या नोकरीत बघितली नव्हती. त्याने शिट्टी मारली आणि हाताने खूण केली: पलीकडच्या रस्त्याने चला, निघा इथून.

"नको, नको, बाई, फिरा," मास्तर म्हणाले.

"पोलिसाचा हात हा गुरूच्या शब्दापेक्षा वरचा. माझी वही, पान बारा," ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि गाडी पलीकडच्या रस्त्याला लावली.

तो रस्ता उताराचा होता, आणि उताराच्या टोकाला शाळा होती. पोरीची शाळा.

काटा पंचविसावर गेला. आता ताशी पंचवीस म्हणजे काही विमान नव्हे, सायकलवाले पुढे जात होते. पण थांबवता येत नाही म्हटल्यावर पंचवीसही फार होतात. मास्तर अर्धे पुढे, अर्धे मागे असे सीटच्या फटीत लोंबत होते, दातांनी गाठ सोडवत होते, आणि उजवा पाय आपला मागे चटईवर दाबला जातच होता, जातच होता.

"बाई, पाया पडतो तुमच्या."

"चालत्या गाडीत काय पाया पडता? समोर बघू द्या."

"तुम्हाला पहिल्या नंबरने पास करतो. पण ब्रेक मारा."

बाईंच्या चेहऱ्यावर आता सात्त्विक संताप दिसला. "आमिष दाखवताय? छत्तीस वर्षं वाचनालयात काढली मी. उशिरा आलेलं पुस्तक कुणाच्या गोड बोलण्याने वेळेवर आलं असं लिहिलं नाही."

शाळेचं फाटक उघडं होतं. फाटकासमोर रस्ता संपत होता, वळायला डावीकडे भिंत आणि उजवीकडे भिंत. बाईंनी दिवा दाखवला, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक, आणि गाडी सरळ मैदानात शिरली.

मैदान रिकामं होतं. पार टोकाला, लांब उडीच्या वाळूच्या हौदाशी विज्ञानाच्या मॅडम मोजपट्टी घेऊन उभ्या होत्या, कारण खेळाचे सर आजारी होते. समोरून गाडी येतेय म्हटल्यावर त्यांनी मोजपट्टी टाकली आणि बाजूला झाल्या. गाडी त्यांच्यासमोरून ताशी पंचविसाच्या गंभीर चालीने गेली. पुढे ताठ मानेच्या ग्रंथपालबाई, शेजारी सीटबेल्ट लावलेली बादली, आणि मधल्या फटीतून दातांत सुतळी धरून बाहेर आलेलं मास्तरांचं डोकं.

मग वाळू आली.

पुढची चाकं हौदात रुतली आणि गाडी जागच्या जागी थांबली. पाणी मात्र थांबलं नाही. ते बादली सोडून एका झेपेत पुढच्या काचेवर आपटलं आणि तिथून परत फिरून ग्रंथपालबाईंच्या मांडीवर आलं. मास्तर फटीतून पुढे जाऊन गिअरवर आपटले. पोरगी दोन्ही हातांनी पुढची सीट धरून होती, तिचे डोळे विस्फारलेले होते आणि तोंडावर असं काही होतं जे मास्तरांनी दोन दिवसांत बघितलं नव्हतं. तिला समजलं होतं.

"पाणी कुणी ढकललंच नाही," ती पुटपुटली. "ते आधीच पुढे चाललं होतं. वाळूने गाडीला थांबवलं. पाण्याला कुणी थांबवलंच नाही."

काचेवरून पाणी ठिबकत होतं.

"मास्तर," ग्रंथपालबाईंनी चष्मा पुसत विचारलं, "आता मारू का ब्रेक?"

मॅडम खिडकीशी आल्या. त्यांनी आत बघितलं. पोरगी दिसली, वही दिसली. "काय चाललंय?"

"अभ्यास, मॅडम," पोरगी म्हणाली. "बल आणि गती."

मॅडमनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर गिअरवर पालथे होते आणि मागे त्यांचा उजवा पाय अजून चटईवर घट्ट दाबलेला होता. मॅडम त्या पायाकडे बराच वेळ बघत राहिल्या. शाळेच्या शिपायाला बोलावून गाडी वाळूतून ढकलायला लावली आणि कसल्याशा घाईने कचेरीत निघून गेल्या.

घरी आल्यावर मास्तरांनी बायकोला काही सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही, कारण त्या वाहतूक पोलिसाची बायको तिच्याच वॉर्डात आया होती. बायकोने सगळं ऐकून घेतलं होतं. ती फक्त म्हणाली, "निकाल लागू दे." मास्तरांना त्या रात्री झोप आली नाही. थट्टा सोडा, पण माणसाला खरंच वाईट वाटत होतं. आपल्या फुशारकीपायी पोरीचं वर्ष जाणार, त्या प्राध्यापक बाईंनी दोन दिवसांत निदान सरळ तरी शिकवलं असतं, हे त्यांना अंधारात स्पष्ट दिसत होतं. शनिवारी ते शाळेच्या भिंतीबाहेर दोन तास येरझाऱ्या घालत होते. रविवारी त्यांनी घरातल्या घरात एवढ्या चकरा मारल्या की बायकोने त्यांना खुर्चीत बसवलं, तर खुर्चीखालची फरशी त्यांनी पायाने दाबून दाबून चकचकीत केली.

सोमवारी दुपारी पोरगी पेपर घेऊन आली. दारातच म्हणाली, "सात."

"वीसपैकी?" मास्तरांनी विचारलं.

"वीसपैकी. पास."

मास्तर मटकन खाली बसले आणि चक्क रडले. मग डोळे पुसून, नाक ओढून, छाती थोडी पुढे काढून बायकोकडे बघितलं. "बघितलंस? मी म्हणालो नव्हतो?"

बायकोने पेपर हातात घेतला होता. ती एकेक पान सावकाश उलटत होती. "पहिला प्रश्न. 'जोर संपला की गाडी थांबते.' शून्य. दुसरा. 'ट्रक स्कूटरला जास्त जोराने मारतो.' शून्य. तिसरा. 'जड वस्तू लवकर खाली पडते.' शून्य. हे कुणी सांगितलं?"

मास्तर छताकडे बघत होते.

"चौथा. उत्तर चूक. आकृतीला एक मार्क. आकृती कुणी शिकवली?"

"माझी मी काढली," पोरगी म्हणाली.

"आणि हा पाचवा. सहा मार्कांचा." बायको मोठ्याने वाचू लागली. "'एक गाडी चालू आहे. मागच्या सीटवर बसलेला एक माणूस पायाने गाडीची जमीन जोराने दाबतो. अ: गाडी का थांबत नाही? ब: पुढे वाळू आल्यावर गाडी थांबली. कोणत्या बलामुळे? क: पुढच्या सीटवरच्या बादलीतले पाणी कुठे गेले आणि का?' सहापैकी सहा. शेजारी मॅडमनी लिहिलंय, 'उत्कृष्ट निरीक्षण.'"

मास्तरांचा पाय हळूच खाली गेला.

"म्हणजे," बायको पेपराची घडी करत म्हणाली, "तुम्ही शिकवलंत त्याला भोपळा. आणि तुम्ही माती खाल्लीत त्यावर पोरगी पास झाली."

पोरगी पास झाली होती आणि मास्तरांना दुसरं काही नको होतं. त्यांनी तिला जवळ घेतलं, डोक्यावर हात फिरवला. पोरगी इतक्या दिवसांनी मोकळी हसली.

"जाऊ दे, बाबा. दहावीत आपण सुरुवातीपासून नीट करू. मी पुस्तक बघितलं. पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे."

"गुरुत्वाकर्षण?" मास्तर ताठ बसले. डोळ्यांत पुन्हा ती चमक आली. "अगं, त्यात काय एवढं? ते तर एका मिनिटात..."

बायको उठली. आत गेली, गच्चीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून ड्युटीवर निघून गेली.